दगडूची अरबी

वसुलीवाल्याचा पहिला फोन आला तेव्हा स्टॅनली तुस्कानो ताडपत्री मोजत होता. मोजणी मोडू नये म्हणून त्याने फोन वाजू दिला, एकशे चाळिसाव्या वारावर खडूची खूण केली आणि मगच तो कानाला लावला. तोवर पलीकडचा माणूस चांगला तापला होता.

"मिस्टर तुस्कानो? आपके ऊपर दो हज़ार एक सौ पैंतालीस दिरहम बकाया है. आज भरोगे या कल?"

"किस चीज़ के?"

"प्रायव्हेट पार्किंग के. अल कुसैस. ग्यारह दिन, डेढ़ सौ रोज़ का. ऊपर से हमारी वसूली फी."

स्टॅनलीच्या डोक्यात दिरहमांचे रुपये आपोआप होत. एक्कावन्न हजार चारशे ऐंशी. एवढ्यात वसईला निम्मी स्कूटर येते. आणि कुसैसला तो गेला होता एकदाच, चार महिन्यांपूर्वी, दाढ काढायला. त्या इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये दवाखान्याच्या पेशंटला दोन तास फुकट होते. गेटवरच्या वहीत नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहायचा, एवढीच अट. स्टॅनलीने फुकटाच्या मोहापायी तिन्ही गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. सुवाच्य अक्षराचे तोटे माणसाला उशिरा कळतात.

"नाम क्या आपका?" त्याने विचारले.

"शौर्य. कलेक्शन ऑफिसर."

"शौर्यजी, मी एक दिवस आलो होतो. दाढ एकच काढली. अकरा नाही."

पलीकडे हे मराठी अर्धेच कळले, पण सूर पुरता कळला. "सर, एअरपोर्ट पे रोक लेंगे, फिर मत बोलना," म्हणत शौर्यने फोन ठेवला.

स्टॅनली काही काल दुबईत उतरलेला नव्हता. खासगी पार्किंगच्या पावतीवरून कोणाला विमानातून उतरवत नाहीत हे त्याला ठाऊक होते. कोर्टाचा कागद वेगळा आणि फोनवरचा आवाज वेगळा. बावीस वर्षे तो देरा भागात, खाडीच्या धक्क्यासमोर वलीशेठच्या दुकानात कॅशियर होता. गलबतांना लागणारा दोर, ताडपत्री, कप्प्या, रंग असा माल. गिऱ्हाईक इराणी, सोमाली, कच्छी. अशा लोकांकडून उधारी वसूल केलेल्या माणसाला वसुलीवाल्याने घाबरवायचे म्हणजे कोळ्याला पाण्याची भीती घालायची.

घरी मात्र गोष्ट निराळी झाली. त्याची बायको कॉन्सेप्टा एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होती. विस्कटलेल्या चादरीवरून पाहुणा किती वाजता झोपला हे सांगणारी बाई. शौर्यने मागाहून पाठवलेली, स्टॅनलीने कागदावर उतरवलेली अकरा तारखांची यादी तिने वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अकरा संध्याकाळी कुसैसला? दातांची डॉक्टर दिसायला बरी आहे वाटतं."

"अगं, साठीची आहे ती. मल्याळी. इंजेक्शन देताना रोझरी म्हणत होती."

"म्हणजे नीट बघितलीस." कॉन्सेप्टा हसली, पण यादी तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावली. त्यांची अकरा वर्षांची मुलगी कॅमिला ज्यूस काढता काढता ती वाचून म्हणाली, "डॅडा, जस्ट पे इट ना. इट्स सो एम्बॅरसिंग."

"जे घेतलं नाही त्याचे पैसे द्यायचे?"

"एव्हरीबडी डझ."

स्टॅनलीने त्याच रात्री जेवणाआधी पुराव्यांची फाइल केली. अकरांपैकी तीन तारखा रविवारच्या. त्या तिन्ही संध्याकाळी तो चर्चमध्ये होता, कॉयरच्या फोटोत दुसऱ्या रांगेत. दोन तारखांना तो उम्म अल कुवैनला नावाडी लोकांना दोर पोचवायला गेला होता. तिथल्या पेट्रोल पंपाची पावती होती. सगळे कागद त्याने शौर्यला व्हॉट्सअॅपवर पाठवले. पंधरा मिनिटांत उत्तर आले: "सर, चर्च में आप थे. गाड़ी का फोटो कहाँ है?" आणि त्याखाली: "पेट्रोल की पावती तो दोस्त की भी हो सकती है."

माणूस अगदीच मठ्ठ नव्हता. स्टॅनलीला त्याबद्दल किंचित आदर वाटला, आणि त्या आदराचाच राग आला. त्याने लिहिले, "माझ्या गाडीचा फोटो तुम्ही दाखवा." उत्तर: "कॅमेरा नहीं है. अटेंडंट की स्लिप है." आणि एका स्लिपचा फोटो.

स्टॅनलीने तो मोठा करून पाहिला. पिवळ्या कागदावर बॉलपेनने पाच आकडे होते, जाड, अरबी वळणाचे. बावीस वर्षे गलबतवाल्यांच्या अरबी आकड्यांतल्या चिठ्ठ्या वाचून त्याचे डोळे तयार झाले होते. तीन, नऊ, पाच, दोन, पाच. त्याचाच नंबर. कागद खोटे बोलत नाही असे मानणाऱ्या माणसाला कागदच उलटला की बोलायला काही उरत नाही. क्षणभर त्याला वाटले, आपली गाडी आपल्याला न सांगता कुसैसला जाते की काय.

इथवर तसे हसण्यावारी जाणारे होते. सोमवारी सकाळी शौर्यने दुकानाच्या लँडलाइनवर फोन केला, आणि तो उचलला वलीशेठने.

वलीशेठ मूळचे दाभोळचे. पस्तीस वर्षांपूर्वी गलबतावरचा खलाशी म्हणून आले, आता धक्क्यावरच्या निम्म्या गलबतांना दोर त्यांचा. दुकानातली तिजोरी जुनी, लोखंडी, आणि तिची चावी बावीस वर्षे स्टॅनलीच्या कमरेला. शेठने फोन ऐकला, खाली ठेवला, आणि हात पुढे केला.

"चावी दे."

"शेठ, ती चूक आहे. माझी गाडी तिथे नव्हतीच."

"नव्हती, तर मग तसा कागद आण. अरे, मला तुझ्यावर शक नाय. पण धंद्याचा कायदा हाय माझा. ज्याच्या मागे वसुलीवाला, त्याच्या कमरेला माझी चावी नाय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून लिहून आण की तुझ्याकडे काय बाकी नाय. तोवर चावी माझा भाचा सांभाळील, नायतर कायमची त्याच्याकडंच. खलास."

भाचा तिशीतला, सुगंधी, आणि फोनवर हिशेब करणारा. त्याने चावी बोटाभोवती फिरवत खिशात घातली, तेव्हा स्टॅनलीला आपली पँट सैल झाल्यासारखी वाटली. पगार तोच राहणार होता, हे खरे. पण चावी नसलेला कॅशियर म्हणजे नुसता मोजणारा, आणि मोजायला हल्ली मशीन मिळते.

संध्याकाळी कॉन्सेप्टाने त्याचा चेहरा पाहिला आणि दातांच्या डॉक्टरची थट्टा आवरती घेतली. "भरून टाक, स्टॅन. दोन हजारांत चावी परत येते."

"भरले की कबूल केल्यासारखं होतं. मग शेठ म्हणेल, होतीच ना बाकी?"

ती म्हणाली, "मग ज्याने लिहिलं त्याला जाऊन विचार. चादर बदलली की नाही हे मी मॅनेजरला विचारत नाही, पोऱ्याला विचारते."

दुकान रोज दुपारी एक ते चार बंद असते. मंगळवारी त्या वेळात स्टॅनली मेट्रोने कुसैसला गेला. गाडी न्यायची म्हणजे लावायची कुठे?

इमारतीच्या मागे वाळूचे पटांगण, चार बाजूंना साखळी, आणि पत्र्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक पन्नाशीचा माणूस. डोक्याला ओला टॉवेल. फोनवर तो कोणाला तरी झापत होता: "अगं गिरिजे, क्लासची फी भरली म्हंजी काय उपकार केले का माझ्यावर? मार्क दाखव, मार्क!"

स्टॅनली थबकला. आपली भाषा परक्या उन्हात अशी अवचित भेटली की माणूस तयार करून आणलेले भांडण विसरतो. त्याने हिंदीतली तीन वाक्ये घोकून आणली होती. ती गेली.

"भाऊ, कुठले तुम्ही?"

"पोलादपूरकडचा, साहेब. दगडू म्हणत्यात मला. बसा की." दगडूने रंगाचा रिकामा डबा पालथा घालून दिला.

बसल्यावर भांडणे कठीण जाते. तरी स्टॅनलीने फोन पुढे केला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच. का?"

"माझी गाडी तुम्ही अकरा वेळा इथे पाहिलीत?"

"तुमची कंची?"

"करड्या रंगाची छोटी. हा काय, नंबर लिहिलाय ना तुम्हीच."

दगडूने फोन लांब धरला, मग जवळ, आणि शाळेतल्या पोरासारखे बोट ठेवून वाचले. "तीन, एक, शून्य, दोन, शून्य. ही पांढरी हाय, साहेब. भली मोठी, काळ्या काचांची. कामावरनं येतो, लावतो, पास काढत न्हाई. वर मलाच म्हणतो, यल्ला, बाजूला हो."

"काय वाचलंत?"

"तीन, एक, शून्य..."

स्टॅनलीने फोन हिसकावलाच. पिवळ्या कागदावर लिहिलेले होते ३१०२०. स्वच्छ मराठीत. वसईच्या चर्चच्या शाळेत सातवीपर्यंत ज्या आकड्यांत त्याने त्रैराशिके सोडवली होती त्याच आकड्यांत. अरबीतला पाच म्हणजे नुसते वाटोळे कडे, हुबेहूब आपले शून्य. अरबीतला नऊ आपल्या एकाचा सख्खा भाऊ. दोन आणि तीन दोन्हीकडे चुलतभाऊ, थोड्या फरकाने ओळखू येणारे. मराठी एकतीस हजार वीस अरबी डोळ्यांनी वाचले की झाले एकोणचाळीस हजार पाचशे पंचवीस, आणि त्या नंबराचा फोन गेटवरच्या वहीत सुवाच्य अक्षरात तयारच होता.

पार्किंगच्या ऑफिसातल्या कोणा इजिप्शियन कारकुनाने असे वाचले तर त्याचा दोष नाही. पण चार दिवस मीही तेच वाचले! स्टॅनलीला पहिल्यांदा हसू आले, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आले.

"तुम्ही मराठीत का लिहिता?"

"चौथी शिकलो, साहेब. इंग्रजी आकडे वाचतो, पण लिहायचं म्हटलं की हात आपला वळणावर जातो. पहिल्या महिन्यात सुपरवायझर आला, स्लिपा बघितल्या, पाठ थोपटली. म्हणला, दगडू, माशाल्ला, अरबी शिकलास! शंभर दिरहम वाढवले."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"वाढवलेल्या पगाराला कोण म्हणतं, चुकलं तुमचं?" दगडूने टॉवेल पिळला. शंभर दिरहम म्हणजे चोवीसशे रुपये, हा हिशेब दोघांनीही मनातल्या मनात केला. मग दगडूचा आवाज उतरला. "साहेब, तुम्ही वर सांगणार. सांगायलाच पाहिजे. पण मग माझी अरबी गेली. आणि तिच्याबरोबर मीबी."

स्टॅनली मनात वहीच्या दोन बाजू मांडत होता. एका बाजूला चावी. दुसऱ्या बाजूला हा माणूस आणि त्याची खुर्ची. बेरीज जुळेना. जुळत नाही तेव्हा रक्कम चुकलेली नसते, खाते चुकलेले असते, हा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव.

"दगडूभाऊ, बाकीच्या स्लिपांचं काय होतं? ज्यांचे नंबर त्यांच्या यादीत सापडत नाहीत?"

"त्या टाकत्यात खोक्यात. सुपरवायझर म्हणतो, लोक खोट्या पाट्या लावतात आजकाल." दगडू डोळे मिचकावून हसला.

स्टॅनलीही हसला. खाते सापडले होते.

बुधवारी दुपारी तो वसुली कंपनीत गेला. देऱ्यातच, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या थेंबाखाली बादली ठेवलेले ऑफिस. शौर्यचा आवाज भारदस्त होता, पण अंगाने पोरगा उन्हाळ्यातल्या शेवग्यासारखा. स्टॅनलीला पाहून तो उठून उभा राहिला. ज्याला धमकी दिली तो आपल्या पायांनी आला की वसुलीवाल्याला काय करावे सुचत नाही.

"पेमेंट?"

"बैठिए, शौर्यजी." स्टॅनलीने त्याच्याच ऑफिसात त्याला खुर्ची दिली. "तुम्हाला वसुलीवर किती टक्के?"

"वो कॉन्फिडेन्शियल है."

"दहा?"

"आठ," शौर्य दुखऱ्या आवाजात म्हणाला.

"आणि कुसैसच्या पार्किंगचं ते न सापडलेल्या नंबरांचं खोकं कुठे आहे?"

खोके शौर्यच्या टेबलाखालीच होते, त्याचे पाय त्यावर. चारशेच्या वर स्लिपा. साठ हजार दिरहम, ज्यांवर मालकाचे नाव नाही. स्टॅनलीने वरची स्लिप उचलली आणि कोऱ्या कागदावर इंग्रजीत नंबर लिहून दिला. दुसरी उचलली, तिचाही. शौर्यने दोन्ही नंबर पार्किंगच्या यादीत टाकून पाहिले. दोन्हींवर नावे आली, फोनसकट. त्याच्या तोंडाचा आ मिटेना.

"ये कौन सी भाषा है? मैंने तो स्कूल में अंग्रेज़ी अंक ही सीखे."

"वाचणाऱ्याचा पत्ता देतो. त्याच्या दोन अटी. त्याचं नाव चुकीत येणार नाही, आणि हे खोकं वाचायचे त्याला वेगळे पैसे. माझी अट एक. उद्या दुपारपर्यंत कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासह, की तुस्कानोकडे काही बाकी नाही."

"और गलती किसकी लिखूँ? किसी की तो लिखनी पड़ेगी."

इथे स्टॅनलीला शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. कर्मणी प्रयोग ही देवाने कारकुनांसाठी केलेली सोय आहे. क्रिया होते, करणारा दिसत नाही. त्याने स्वतः मजकूर सांगितला: हाताने लिहिलेली स्लिप बरोबर आहे, नोंद करताना गाडीचा क्रमांक चुकीचा वाचला गेला, सबब ही मागणी मागे घेण्यात येत आहे. शौर्यने दोनदा वाचून विचारले, "किसने पढ़ा?"

"वाचला गेला," स्टॅनली म्हणाला. "लिहा तसंच."

शौर्यने लिहिले. टाइप करता करता तो हळूच म्हणाला, "सर, बुरा मत मानना. फोन पे जो बोला, वो सब कागज़ पे लिख के देते हैं हमको. एअरपोर्ट वाली लाइन भी."

"ती लाइन काढा. तिने कोणी घाबरत नाही."

"घबराते हैं, सर," शौर्य म्हणाला. "आप जैसे कम आते हैं."

संध्याकाळी दुकान सुटल्यावर स्टॅनली दगडूकडून इंग्रजी आकडे गिरवून घ्यायला मेट्रोने पुन्हा कुसैसला गेला. दगडूने आपल्या कागदावर इंग्रजी एक ते नऊ दोनदा गिरवले. हात आपल्या वळणावर जातच होता. सात लिहिता लिहिता त्याने विचारले, "मग आता अरबीचे शंभर?"

"सुपरवायझरला सांगा, अरबी सोडून इंग्रजी शिकलो. दीडशे मागा."

दगडूने विचार केला. "दोनशे मागतो. दीडशेवर येईल."

या माणसाला चौथीच्या पुढे शिकवण्यासारखे काही नव्हते.

गुरुवारी पाच वाजता वलीशेठच्या टेबलावर पत्र आले. शिक्का निळा, सही वाकडी, मजकूर निर्दोष. शेठने ते वाचले, मग भाच्याने वाचले, मग शेठने पुन्हा वाचले.

"वाचला गेला म्हंजे कोणी वाचला?"

स्टॅनलीने सगळे सांगितले. दगडूचे नाव मात्र घेतले नाही, 'एक आपला माणूस' म्हटले. आणि फोनवर स्लिपचा फोटो दाखवला.

वलीशेठने खिशातून चष्मा काढला, फोन उजेडाकडे धरला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. दाभोळच्या मदरशात पोरवयात गिरवलेले आकडे, वर पस्तीस वर्षे गलबतवाल्यांच्या अरबी चिठ्ठ्या. "तीन, नऊ, पाच... अरे स्टॅनली. ही तर तुझीच गाडी हाय रे!"

भाच्याने खिशातली चावी नकळत चाचपली.

"शेठ, मराठीत वाचा."

"मराठीत कसली वाचू? दुसरीत शाळा सोडली मी."

"दुसरीत आकडे शिकवतात."

शेठने चष्मा पुसला, परत चढवला. एका हाताचे बोट फोनच्या काचेवर ठेवले, आणि पासष्ट वर्षांचा तो माणूस, ज्याच्या दोरावर अर्धा धक्का बांधलेला असे, ओठ हलवत, मान डोलावत, मास्तर समोर उभा असल्यासारखा वाचू लागला.

"तीन... एक... पूज्य." शेठ थांबले. "पूज्य! हां, हां, पूज्य. दोन... पूज्य." मग त्यांनी मान वर केली. डोळे पाणावले होते, पण हसूनही पाणावतात. "एकतीस हजार वीस. तुझी नाय. तुझी नायच!"

त्यांनी भाच्यापुढे हात केला. भाच्याने चावी दिली. शेठने ती टेबलावरून स्टॅनलीकडे सरकवली.

स्टॅनलीने तिला हात लावला नाही.

"शेठ, सोमवारपासून तिजोरी दुसऱ्याच्या ताब्यात होती. आधी रोकड मोजू. भाचेसाहेबांची सही घेऊ. मग चावी."

वलीशेठ भाच्याकडे पाहत राहिले, भाचा छताकडे. "मोज बाबा," शेठ म्हणाले. "चहा सांगतो. तीन."

स्टॅनलीने बाही दुमडली आणि बोट ओले केले.